तीन गुणांचा प्रश्न

भारत आणि ब्राझील यांच्या हवामानातील फरक लिहा.
गुण तीन.

एप्रिल. शाळेची प्रयोगशाळा,
बेसिनमध्ये वाळलेलं मोरचूद,
पंखा फिरतो पण वारा त्याच्याजवळच ठेवतो.
आम्ही सातजणी, सात लाल पेनं,
आणि नियामक म्हणून हगवणे सर,
जे शर्टाच्या कॉलरखाली रुमाल घालून बसतात.

सकाळपासून एकशेबारा वेळा मी वाचलंय
की हिमालय उत्तरेचे थंड वारे अडवतो
आणि ब्राझीलला असं अडवणारं कोणी नाही.
एकशेबारा वेळा कर्कवृत्त आपल्या पोटातून गेलं,
विषुववृत्त त्यांच्या डोक्यावरून.
एकाने ॲमेझॉन महाराष्ट्रात आणली,
दुसऱ्याने खोडून परत नेली.
बरोबर, बरोबर, अर्धं बरोबर.

मग ही उत्तरपत्रिका. नाव नाही, नुसता नंबर.
शिसपेन्सिलीने आखलेले दोन रकाने,
पट्टी मध्येच सरकलेली,
त्यामुळे भारत खाली अरुंद होत गेलेला.
(तो होतोच म्हणा.)
रकाने रिकामे. खाली लिहिलंय:

‘दोन्ही देश मी पाहिलेले नाहीत.
मी ताम्हिणी पाहिली आहे आणि सुपे पाहिले आहे.
ताम्हिणीला माझी मावशी असते.
तिच्याकडे जूनमध्ये धुतलेली गोधडी
दसऱ्यापर्यंत वाळत नाही.
सुप्याला आम्ही असतो.
आमच्याकडे ढग येतात पण ते रिकामे असतात,
जुलैत टँकर येतो, तो भरलेला असतो.
मावशीकडे जाताना स्वारगेटला गाडी बदलावी लागते.
स्वारगेट मध्ये आहे
म्हणून तिथे मध्यम पाऊस पडतो.
ब्राझीलमध्येही असेच आहे.
वारा समुद्राकडून येतो, कडा चढताना सगळे सांडतो
आणि पलीकडच्यांना सांगतो, संपले.
त्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हणतात.
आमच्या भागाला सुपे म्हणतात.’

मी पेन खाली ठेवलं.
आदर्श उत्तरात मावशी नव्हती.

हगवणे सर म्हणाले, प्रश्नाला धरून नाही.
एक द्या, मोकळ्या व्हा.
मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं.
मुळशीकडचे ते. धरणाच्या वरच्या अंगाचे.
म्हणाले, गोधडीचं खरंय हो.
आमची आई चुलीवर दोरी बांधायची,
सगळ्या घराला धुराचा वास,
वर्गात पोरं सांगायची, हगवण्या आला.
एवढं बोलून ते खिडकीशी गेले
आणि बराच वेळ व्हॉलीबॉलच्या रिकाम्या जाळीकडे बघत राहिले.

किती देऊ, सर?
अडीच.
अर्धा कशाचा कापू?
ते म्हणाले, ब्राझीलचा. एका ओळीत उरकलाय.

संध्याकाळी बिबवेवाडीत, चहा गार होईस्तोवर,
मी भाचीचा नकाशासंग्रह काढला.
पुणे, साडेअठरा उत्तर.
बोट सरकवत विषुववृत्त ओलांडलं,
मग समुद्र ओलांडला, त्याला वेळ लागला,
आणि साडेअठरा दक्षिणेला थांबले.
तिथेही पठार. आपल्यापेक्षा थोडं उंच.
एक गाव, नाव नीट उच्चारता येईना.
आपला पावसाळा ती त्यांची उघडीप,
आपली थंडी तेव्हा त्यांचे पन्हाळ वाहतात,
म्हणजे आत्ता, आपण घामाने चिकटलेले असताना,
तिथला पाऊस आवरत आला असेल.
शिवाय साडेआठ तास मागे,
म्हणजे सकाळच असणार.
कोणीतरी दार उघडून आभाळाकडे पाहिलं असेल
आणि घरातलं ओलं, दमट, कुबट
सगळं उन्हात आणून टाकलं असेल.

गोधडीला त्यांच्याकडे काय म्हणतात
ते आपल्या पुस्तकात नाही.

बेरीज करताना तो अर्धा पुन्हा आडवा आला.
नियमाप्रमाणे अर्धा असला की
एकूण गुण वरच्या अंकाला नेतात.
नेला.